सिझर झालेल्या बाईची काळजी कशी घ्यायची: वॉर्डातल्या सिस्टरकडून घरच्यांसाठी

दुपारी चार वाजता व्हिजिटिंग सुरू होतं. सातपूरहून आत्या येते, सिन्नरहून मामा येतात, हातात सफरचंदाची पिशवी, आणि सगळे थेट पाळण्याकडे. नाक बाबांवर गेलंय, नाही हो आजोबांवर गेलंय, मोबाईल निघतात, फोटो होतात. दोन फुटांवर कॉटवर जी पडलीय, जिचं काल पोट कापून थर न थर शिवलाय, तिला जाता जाता कोणीतरी विचारतं, काय गं, नॉर्मल का नाही झालं? मी नाशिकमध्ये १३ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर आहे आणि हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी दारातच सांगते, आधी कॉटकडे जायचं, मग पाळण्याकडे. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे, बाकी औषधं डॉक्टर लिहून देतातच.

आणि हे नवरे, सासवा, आया, नणंदा सगळ्यांनी वाचा. बाळंतीण वाचेल तेव्हा वाचेल, तिला आत्ता झोपू द्या.

आधी ते नॉर्मलचं मिटवू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत, प्रायव्हेट दवाखान्यांत तर ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास दर दुसरी बाई. सिझर जास्त होतात का, गरज नसताना होतात का, यावर जरूर भांडा, मी पण भांडते, पण ते कॉटवर पडलेल्या बाईशी नाही. तिने काही निवडलेलं नसतं. बाळाचे ठोके पडले, पाणी हिरवं आलं, बाळ आडवं होतं, बीपी वाढलं, आधीचं सिझर होतं, अशी काहीतरी कारणं असतात, आणि बरेचदा तर बारा-चौदा तास कळा सोसून शेवटी आत नेलेलं असतं. म्हणजे दोन्ही बाळंतपणं तिच्याच वाट्याला आली आणि वरून ऐकायचं की कळा न सोसता मूल झालं.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) जायच्या आधी

प्लॅन केलेलं सिझर असेल तर तिला आत काय होणार ते आदल्या दिवशी कोणीतरी बसून सांगा, डॉक्टर नाही सांगत तर सिस्टरला विचारा. कमरेत मणक्यात इंजेक्शन देतात, त्याने छातीखालचं सगळं बधिर होतं पण ती जागी असते. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, पोटावर कोणी दाबल्यासारखं कळतं. हे माहीत नसलं की बाई घाबरते, तिला वाटतं भूल नीट चढलीच नाही. आणि थरथर. हात, हनुवटी, दात कडाकडा वाजतात, हे त्या भुलेमुळे आणि ओटीतल्या गारव्याने होतं, थोड्या वेळाने थांबतं. माझं स्वतःचं सिझर झालं तेव्हा मी चार वर्षं नोकरी झालेली सिस्टर होते तरी मला वाटलं आपण आता जातो, कारण दोन्ही हात बाजूला पसरून ठेवलेले आणि तिथले सगळे आपापसात कुठल्या तरी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होते. कोणीतरी नुसतं कपाळावर हात ठेवून म्हटलं असतं की ही थरथर नॉर्मल आहे ताई, तर पुरलं असतं. तेव्हापासून मी ओटीत ड्युटी असली की डोक्याशी उभी राहून हे वाक्य बोलतेच.

बाळ बाहेर आलं की बाळ आणि आई दोघं ठीक असतील तर बाळाचा गाल तिच्या गालाला लावायला सांगता येतं. आधीच डॉक्टरांना विनंती करून ठेवा. काही ठिकाणी नवऱ्याला किंवा आईला आत घेतात, काही ठिकाणी नाही, विचारायला पैसे पडत नाहीत.

पहिली रात्र

पाय काही तास जड राहतात, स्वतःचे नसल्यासारखे. लघवीला नळी असते, ती बहुतेक १२ ते २४ तासांत काढतात. नळी काढल्यावर पहिली लघवी किती वाजता झाली ते सिस्टरला सांगायचं, हे विसरू नका, सहा तासांत झाली नाही तर लगेच सांगा. पॅड आम्ही तपासत असतोच पण रात्री तुम्हीही बघा. पॅड भरून तासाभरात बदलावं लागत असेल किंवा मोठ्या गुठळ्या जात असतील तर बेल वाजवा, सकाळची वाट नको. घोट घोट पाणी कधी द्यायचं ते तुमच्या डॉक्टरचं ऐका, पण आता पूर्वीसारखं दोन-दोन दिवस उपाशी ठेवत नाहीत, वारा सरायची वाट बघत बसायची गरज नसते, काही तासांत पातळ आणि मग साधं जेवण सुरू होतं.

मणक्यातल्या इंजेक्शननंतर डोक्याखाली उशी दिली म्हणून डोकं दुखत नाही, आणि न दिल्याने टळतही नाही. मणक्यातल्या इंजेक्शनने काही जणींना डोकेदुखी होते खरी, ती ओळखायची खूण सोपी: उठून बसलं की डोकं फुटेल असं, आडवं पडलं की उतरतं. अशी असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, त्यावर उपाय आहेत. जन्मभराच्या कंबरदुखीचं खापर मात्र त्या इंजेक्शनवर फोडू नका. नॉर्मल झालेल्यांचीही कंबर दुखते, वाकून वाकून बाळाला पाजलं तर दुखणारच.

दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. हे मी सासूबाईंना उद्देशून लिहितेय, राग मानू नका. पेनकिलर वेळेवर घ्यायचं, खूप दुखायला लागल्यावर नाही, कारण दुखत असेल तर ती उठणार नाही, खोकणार नाही, बाळाला धरणार नाही, दूधही नीट पाजणार नाही. दवाखान्यात लिहून दिलेली औषधं ती पाजतेय हे धरूनच दिलेली असतात. फक्त स्वतःच्या मनाने मेडिकलवरून आणून काही देऊ नका.

पहिल्यांदा उठवणं

हे जरा सविस्तर सांगते कारण इथेच बायका सगळ्यात जास्त घाबरतात आणि इथेच घरचे सगळ्यात जास्त चुकतात. साधारण पहिल्या २४ तासांत उठवतात. घरच्यांना वाटतं सिस्टर दुष्ट आहे, टाके तुटतील. टाके तुटत नाहीत. न उठल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, ती भीती खरी आहे. पोटात गॅस धरतो तो पण चालल्यानेच सुटतो.

तिला हात धरून समोरून खेचू नका, अजिबात नाही, त्याने पोटावर ताण येतो. आधी गुडघे दुमडायचे. मग अख्खं अंग एकदम कुशीवर, खांदा आणि कंबर सोबत, लाकडाचा ओंडका लोळवतात तसं. पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने गादीवर दाबून वर यायचं. दुसऱ्या कोणी मानेमागे नाही, खांद्यामागे हात ठेवायचा. मग बसून राहायचं. दोन-तीन मिनिटं, पाय हलवत. चक्कर येते का विचारायचं. मग उभं.

उभं राहिलं की दोन गोष्टी होतात. एक, खालून एकदम रक्त जातं, पायावर ओघळतं, आणि ती घाबरून परत बसते. झोपून साठलेलं असतं ते, त्यामुळे जाड पॅड आणि जुना टॉवेल आधीच हाताशी ठेवा, आणि कोणीही अगं बाई असं ओरडू नका. दोन, ती पोट धरून वाकून चालते. तिला हळूहळू सरळ व्हायला सांगा, दोन पावलं चालली तरी पुष्कळ. खोकला, शिंक, हसू आलं तर छोटी उशी टाक्यांवर दाबून धरायची. वॉर्डात मी सगळ्यांना घरून एक उशी आणायला लावते, आणि तीच उशी पुढे रिक्षात कामाला येते, ते सांगते खाली.

एकदा पेठकडची एक मुलगी, वीस-एकवीसची असेल, उठायलाच तयार नव्हती, सगळ्यांनी समजावून झालं. शेवटी आमच्या वॉर्डातल्या मावशींनी तिच्या केसांची वेणी घालून दिली, तोंड पुसून दिलं, कपाळावर टिकली लावली आणि म्हटलं चल आता आरसा बाथरूममधे आहे. गेली चालत. हे कुठल्या नर्सिंगच्या पुस्तकात नव्हतं बरं का माझ्या.

दूध

सिझर झालं म्हणून दूध येत नाही हे खोटं आहे. दूध भरून यायला कधी कधी थोडा उशीर होतो, तिसरा-चौथा दिवस उजाडतो, पण पहिल्या दिवसापासून चिक असतो आणि तो थेंब थेंबच असतो, बाळाला तेवढाच लागतो. पहिल्या तासात, रिकव्हरीतच, अंगाला लावायला सांगा. तिला उठता येत नसेल तर कुशीवर झोपवून पाजता येतं, बाळाचं तोंड नीट धरलंय का ते सिस्टर बघेल. नंतर बसून पाजताना बाळ पोटावर आडवं नको, टाक्यांवर लाथा बसतात, तर काखेत धरायचं, पाय तिच्या पाठीकडे, डोकं हातात, खाली उशी. हे एकदा जमलं की ती खूश होते.

मध, घुट्टी, गुळाचं पाणी काही नाही. मधाने तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, वर्षाच्या आत मध नाहीच. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, त्यावरून आईला दूध पुरत नाही असा निकाल लगेच देऊ नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात वेळा शूने लंगोट ओलं होतंय का ते मोजा, वजन करून घ्या, शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डॉक्टरांनी खरंच वरचं द्यायला सांगितलं तर द्या, त्यावरून तिला टोमणे नकोत.

बाळ काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर हे दहापट अवघड असतं. शेजारच्या कॉटवर बाळ रडतंय आणि हिचा पाळणा रिकामा. अशा वेळी तिला दूध काढून पाठवायला मदत करा, व्हीलचेअर मागून दिवसातून एकदा तरी बाळाजवळ न्या, परवानगी असेल तर उघड्या छातीशी बाळ धरू द्या. नवऱ्याने पेटीतल्या बाळाचा फोटो दाखवणं हे एवढंसं काम आहे पण त्याने ती रात्र निघते.

तिसऱ्या दिवशीचं रडणं

हे होणार आहे हे आधीच धरून चाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बायका रडतात, हार्मोन एकदम उतरलेले असतात, झोप नाही, टाके ओढतात, छाती दगडासारखी झालेली. कारण विचारलं तर सांगता येत नाही. चहा गार झाला म्हणून रडलेली बाई मी पाहिलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एकीला म्हटलं होतं, बाळ चांगलं आहे ना मग कशाला रडतेस. ती गप्प झाली. मला वाटलं वा, समजूत पटली. ती फक्त माझ्यासमोर रडायची थांबली होती, हे मला माझ्या स्वतःच्या तिसऱ्या दिवशी कळलं.

काय बोलायचं मग? फार काही नाही. कुठे दुखतंय विचारा. जेवलीस का विचारा. ऑपरेशनबद्दल तिला बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, एकच गोष्ट चार वेळा सांगेल, सांगू द्या, विशेषतः इमर्जन्सीत पळवत नेलं असेल तर. मधेच कोणाच्या तरी जावेची यापेक्षा वाईट केस सांगायची नाही. सल्ले तर नकोच. मुलगी झाली म्हणून खोलीत जी शांतता पसरते ना, ती पण तिला ऐकू येते, हे लक्षात असू द्या. आणि सगळ्यात कामाची मदत म्हणजे बाळ घेऊन दोन तास दुसऱ्या खोलीत जा आणि तिला सलग झोपू द्या. पाहुण्यांना नवऱ्याने अडवायचं, तिने नाही. बारशाला या म्हणावं.

हे रडणं साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, उलट ती गप्प गप्प राहायला लागली, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणाली, बाळ झोपलेलं असूनही हिला झोप नाही, मी वाईट आई आहे, मी नसते तर बरं असं काही बोलली, तर हे बाळंतपणातलं डिप्रेशन असू शकतं. तो आजार आहे, उपचार आहेत, पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधंही आहेत. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरायचं किंवा बाळाला काही करायचं असं तोंडातून आलं तर मात्र फोनवर भागवू नका, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. क्वचित, हजारात एक-दोघींना, असंबद्ध बोलणं, भास, बाळाबद्दल विचित्र संशय असं होतं, आणि आपल्याकडे लगेच बाहेरचं झालंय म्हणून अंगारा-धुपारा सुरू होतो. त्यातही उशीर परवडत नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

घरी

घाईने डिस्चार्ज मागू नका. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी आली की निफाड-दिंडोरीकडचे लोक तिसऱ्या दिवशीच मागे लागतात. सरकारी दवाखान्यात, सिव्हिल असो की महापालिकेचं बिटको, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं मोफत आहे, सिझरच्या बाईला ७ दिवसांपर्यंत जेवण मोफत आहे आणि घरी सोडायला गाडी पण. खर्चाच्या भीतीने तिला लवकर उचलून नेऊ नका.

रिक्षाने नेत असाल तर ती उशी पोटाशी, सीट बेल्ट असलेली गाडी असेल तर बेल्ट कमरेखाली आणि उशी मधे. नाशिकच्या द्वारका चौकाचं ट्रॅफिक आणि नंतरचे खड्डे लक्षात घेऊन दुपारची वेळ धरा, ड्रायव्हरला आधीच सांगा. आणि वाटेत मिसळ खाऊन येतो म्हणून तिला गाडीत बसवून ठेवणारा नवरा मी पाहिलेला आहे. तसं करू नका.

टाके कोरडे ठेवायचे, आंघोळीनंतर मऊ कापडाने टिपून घ्यायचे, चोळायचे नाहीत. हळद, तेल, राख काही लावायचं नाही. सिझरचा काप खाली असल्यामुळे सलवारची नाडी आणि चड्डीचं इलॅस्टिक नेमकं त्यावर येतं, म्हणून पोटावर उंच येणारी सुती चड्डी घ्या आणि पुढून उघडणारा गाऊन. टाक्यांच्या वरची कातडी काही महिने बधिर राहते, खाज येते, ते चालतं. पोटपट्ट्याने उठता-बसता आधार वाटत असेल तर बांधा, करकचून नाही, पण त्याने पोट आत जात नाही. दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, बादली, हंडा, मोठं मूल कडेवर, काहीच नाही. मोठ्याला जवळ घ्यायचं तर तिने बसायचं आणि त्याला शेजारी चढू द्यायचं.

शेगडीबद्दल मी स्पष्ट बोलते. डिसेंबरात नाशिकची थंडी कडक असते, ऊब हवी हे मान्य. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, आई आणि बाळ दोघांना धोका. टाक्यांवर शेक नाही, धुरी नाही. स्वेटर, मोजे, गोधडी, दार किलकिलं.

खायला द्या, पोटभर. नागलीची भाकरी, शेपू, मेथी, वरण, अंडी चालत असतील तर अंडी, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू एखादा, सकाळ-संध्याकाळ चार नाही. पाणी कमी दे नाहीतर पोट सुटेल हे डोक्यातून काढा, पाजणाऱ्या बाईला तहान लागते आणि पाणी तोडलं की शौचाला कडक होतं, मग टाक्यांवर जोर, मग रडणं. लोहाच्या गोळ्या १८० दिवस असतात, त्याने शी काळी होते, घाबरायचं नाही, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

आता हे फ्रिजवर चिकटवा. ताप १००.४ च्या वर, टाक्यांतून पू किंवा लाली वाढत जाणं, अंगावरून घाण वास, एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, लघवीला जळजळ: त्याच दिवशी दाखवा. रक्तस्राव एकदम वाढणं, धाप किंवा छातीत दुखणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके: १०८ ला फोन, वाट बघू नका. बीपी बाळंतपणानंतरही वाढू शकतं, सहा आठवड्यांपर्यंत, हे घरच्यांना माहीतच नसतं.

दीड महिन्याच्या तपासणीला सगळी फाईल घेऊन जा, बाळाची वेगळी, हिची वेगळी. पुढचं मूल कधी, तांबी की गोळ्या, हे तिथे विचारायचं, पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. माझं सिझर नक्की कशामुळे झालं आणि पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकतं का, हे दोन प्रश्न तिला मोबाईलमधे लिहून ठेवायला सांगा, कारण आत गेल्यावर विसरायला होतं. बाळ बाहेर आजीकडे द्या आणि तिला दहा मिनिटं डॉक्टरांसमोर एकटीला बसू द्या.